नवजाताची प्रतिकारशक्ती नुसती ‘कच्ची’ नसते

महोदय,

‘बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते’ असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्यांच्यावरील संशोधनाला मिळालं, त्या नियामक टी-पेशी गर्भातच तयार होतात आणि बाळाच्या संरक्षक पेशींना आवर घालतात. आईकडून आलेल्या पेशीही त्यामुळेच खपवून घेतल्या जातात. या टी-पेशी जिथे घडतात ती छातीतली थायमस ग्रंथी उंदराच्या पिल्लाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर पुढे त्याचं शरीर अनेकदा स्वतःच्याच थायरॉइडवर, अंडाशयावर उलटतं. नियामक टी-पेशी घडण्यासाठी लागणाऱ्या फॉक्सपी-३ जनुकात गंभीर बिघाड असलेल्या मुलग्यांना तर तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, इसब, मधुमेह गाठतात. अशा बाळाच्या रक्ताचा नमुना जनुकीय तपासणीला पाठवण्याची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी. निदान वेळेत झालं, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा मार्ग खुला राहतो.

— एक वाचक, सातारा