आल्टोंच्या वतीने आभार

आदरणीय सर,

तुम्हीच लिहिलेलं आणि तुम्हीच चाल लावलेलं गाणं आमच्या गायनवृंदाने गायलं, त्या कार्यक्रमानंतरच्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सोप्रानोंना, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या बायकांना, अगदी वरच्या सुरावर 'वाट नवी' म्हणायचं होतं. तेवढ्या उंचीवर 'ई' धरायची तर जबडा आवळतो, आवाज चिरका होतो. चाल जरा खाली आणाल का, असं आम्ही भीत भीत विचारलं. तुम्ही चालीला हात लावला नाहीत. पेन्सिलीने 'वाट नवी' खोडलंत आणि वर लिहिलंत, 'मार्ग नवा'. मात्रा तेवढ्याच, अर्थ तोच, आणि 'आ'वर गळा मोकळा सुटला. गीतकार दुसरा कुणी असता तर आधी त्याची परवानगी, मग थोडा रुसवाफुगवा! शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात 'संगीत रत्नाकर' या ग्रंथात वाग्गेयकाराला, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याला, एवढा मान का दिला ते तालमीत कळलं. 'दिन' हा शब्दही तुम्ही असाच लांब सुरावरून आखूड सुरावर सरकवलात. ताणला असता तर आनंदाच्या गाण्यात लोकांना 'दीन' ऐकू आलं असतं.

पण मुख्य आभार आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या आम्हा बायकांच्या, वतीने. चार आवाजांच्या गाण्यात चाल बहुधा सोप्रानोंकडे जाते, पाया बासकडे, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाकडे, आणि आम्ही एकदोन सुरांभोवती घुटमळत भरणीचं काम करतो. तिसऱ्या कडव्यात तुम्ही सोप्रानोंना नुसता 'आ' दिलात आणि अर्थाची ओळ आमच्या हाती सोपवलीत. तीही आमच्या आवाजाला जिथे वजन आहे तिथेच, मधल्या सुरांत. ओळ लांब, एका श्वासात न मावणारी. म्हणून कुणी कुठे श्वास घ्यायचा तेही प्रत्येकीच्या प्रतीवर लिहून दिलंत. शेजारीण गात असते तेव्हा मी श्वास घेते, मी गाते तेव्हा ती. ऐकणाऱ्याला ओळ कुठेच तुटलेली वाटत नाही.

कागदावर वाचली तर ती ओळ तशी साधीच आहे, हे तुम्हाला तोंडावर सांगते. मासिकात छापली असती तर कुणी तिथे थांबलं नसतं. पण ती वाचण्यासाठी लिहिलेली नाहीच, आणि गायला लागल्यावर तिच्यातला एकही शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही.

टेनरवाल्यांचा, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांचा, निरोप आहे की पुढच्या गाण्यात अशी एक ओळ त्यांनाही हवी. मी फक्त निरोप पोचवतेय, शिफारस करत नाही.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली एक आल्टो