तलवार आली, लामणदिवा गेला

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

२८ एप्रिल २०२५ ला बातमी आली की नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात निघाली आहे, आणि लिलाव दुसऱ्याच दिवशी आहे. एवढ्या वेळात सरकारी फाइल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जात नाही, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. तरी मध्यस्थामार्फत बोली लागली आणि तलवार मिळाली. हाताळणी, वाहतूक, विमा सगळं धरून ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये आपण स्वतः लंडनला जाऊन ती ताब्यात घेतलीत आणि १८ तारखेला ती मुंबईत उतरली. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे अकादमीत ती पाहायला आलेल्यांत मीही होतो. पातं युरोपात घडलेलं, एकधारी. मूठ मुल्हेरी घडणीची. पात्यावर पाठीच्या बाजूला सोन्यात देवनागरी अक्षरं: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची तलवार. माणसाचं नाव, छत्रपती शाहूंनी दिलेला किताब आणि हत्याराची जात, तिन्ही एका ओळीत. माझ्यामागचे एक आजोबा ती ओळ नातवाकडून मोठ्यानं वाचून घेत होते. पोरगं 'सेनासाहेबसुभा'वर दोनदा अडखळलं.

सरकारनं चांगलं काम केलं, हे आधी लिहितो. कारण पुढचं सगळं तक्रारीचं आहे.

पहिली गोष्ट त्या एका दिवसाची. भारतीय आणि इस्लामी कलावस्तूंचे लंडनचे मोठे लिलाव वर्षातून दोनदा होतात, वसंतात आणि शरदात. आपल्याकडे दिवाळी अंक जसे ठरल्या हंगामात येतात, तसे. लिलावाची यादी फोटोंसकट कितीतरी दिवस आधी इंटरनेटवर लागते, कुणालाही फुकट पाहता येते. मग आपल्याला आदल्या दिवशी कळतं, याचा अर्थ पाहायला कुणी बसलेलंच नव्हतं. या कामाला महामंडळ नको, समिती तर त्याहून नको. मोडी लिपी वाचता येणारा एक माणूस, शस्त्रं आणि चित्रं कळणारा दुसरा आणि त्यांना एक संगणक द्या. कुठल्या वस्तूसाठी किती रकमेपर्यंत जायचं हे गुपचूप ठरवा, आणि तेवढा पैसा आधीच बाजूला काढून ठेवा. आपण घेणार हे वर्तमानपत्रात आधी छापून आलं की समोरचा भाव वाढवतोच. मंडईत भाजी घेणाऱ्यालाही हे कळतं.

प्रत्येक वस्तूमागे धावावं असंही माझं म्हणणं नाही. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाची एक तलवार बॉनहॅम्स या लंडनच्या लिलावगृहात १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. त्या भावात आपला निभाव लागणार नाही, लागूही नये. काही ठिकाणी पैशाऐवजी कायदा चालतो. उत्तर प्रदेशात पिपरहवाच्या स्तूपात १८९८ मध्ये सापडलेली रत्नं ७ मे २०२५ ला हाँगकाँगमध्ये लिलावाला लागणार होती. केंद्रानं कायदेशीर नोटीस दिली, लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलैअखेर गोदरेज समूहाच्या मदतीनं ती रत्नं भारतात आली. बुद्धाच्या अस्थींसोबत पुरलेल्या रत्नांवर हक्क सांगता येतो. रघूजींची तलवार १८१७ मध्ये नागपुरात इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी असं म्हणतात, पण 'असावी'वर नोटीस निघत नाही. तिथे बोलीच लावावी लागते.

आता दुसरी गोष्ट. खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

सातारा जिल्ह्यातला आमचा वाडा पाच भावंडांत होता. पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि विकायचं ठरलं. बिल्डरला जागा हवी होती, आतलं सामान तुम्ही न्या म्हणाला. कोण नेणार? पुण्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये घंगाळ ठेवायचं कुठे? तांब्याचा बंब, सतेली, कासंडी, समया, अडकित्त्यांचा ढीग, पायाला घासायच्या पितळी वज्र्या, सगळं अंगणात मांडलं. टेम्पो घेऊन माणूस आला. त्यानं तराजू टांगला. पितळ वेगळं, तांबं वेगळं, भाव मोडीचा. देवघरापुढचा लामणदिवा त्यानं हातात घेतला, वरचा मोर अंगठ्यानं पुसला आणि विचारलं, "आत शिसं नाही ना भरलेलं?" दिवा काढताना साखळी तुळईच्या कडीत अडकली होती, ती तिथेच राहिली. दिवा पितळाच्या ढिगात गेला. आजीच्या सांगण्यावरून तो तिच्या सासूच्याही आधीचा, म्हणजे सव्वाशे वर्षं धरून चाला.

बैठकीच्या खोलीत रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती, पदराला कुणीतरी हौसेनं जरी आणि टिकल्या शिवलेल्या. तिच्या सागवानी चौकटीचे त्यानं वेगळे पैसे दिले. चित्र फुकट गेलं. मी उभा होतो, मीही काही बोललो नाही. हा दोष सरकारवर ढकलता येणार नाही, तो माझाच आहे.

पण कायदा पाहा. पुरावस्तू आणि कलासंपत्तीचा कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू, हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही, पाठवली तर तुरुंग. म्हणजे आमचा लामणदिवा मी लंडनला धाडला असता तर गुन्हेगार ठरलो असतो. भट्टीत घालायला मात्र मला कुणालाही विचारावं लागलं नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी सक्तीची आहे, दिव्या-भांड्यांची नाही. कायदा केंद्राचा आहे, ठाऊक आहे मला. पण तराजू टांगला जातो तो आपल्या राज्यात.

त्या ढिगातून मी एकच गोष्ट घरी आणली. तांबड्या फडक्यातली एक पोथी, मधल्या चार पानांवर रंगीत चित्रं. एका चित्रात कृष्णाच्या पायाशी बसलेल्या गाईचे डोळे अगदी माणसासारखे काढलेत. नोंदणी करायला एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी मला बसवलं, चहा विचारला, पोथी न उघडता म्हणाले, "कशाला नसती भानगड मागे लावून घेताय? घरात ठेवा गप." दुसऱ्या कचेरीत सांगितलं, हे काम पहिल्याच कचेरीचं. तिसऱ्यांदा गेलो नाही. घरोघर लोकांच्या मनात हीच भीती आहे: नोंद केली की सरकार उचलून नेणार. कायद्यात सक्तीनं संपादन करायची तरतूद आहेच, त्यामुळे ही भीती अगदी हवेतली नाही. मग माणूस एक तर लपवतो, नाही तर रात्रीच्या गिऱ्हाइकाला विकतो. त्या गिऱ्हाइकाच्या हातून वस्तू कुठवर जाते, ते आपल्याला पुढे लंडनच्या यादीत दिसतं. तेव्हा आपण विमानानं जातो.

पुण्यात दिनकर केळकर नावाच्या गृहस्थांनी हे काम एकट्यानं केलं. पत्नी कमलाबाईंची साथ, खिशात फारसा पैसा नाही. गावोगावच्या वाड्यांत जायचं, ओसरीवर बसायचं, गप्पा मारायच्या आणि उठताना अडकित्ता किंवा दौत मागायची. वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवून त्यांनी त्या राज्याला देऊन टाकल्या. संग्रहालयाला नाव दिलं लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. त्याआधी इतिहाससंशोधक राजवाडे असेच वाडे धुंडाळत फिरले, म्हणून पानिपतच्या काळातली पत्रं १८९८ मध्ये छापून आली. नाही तर ती वाण्याच्या पुड्या बांधायलाच गेली असती. या दोघांकडे सरकारी ओळखपत्र नव्हतं, म्हणून तर लोकांनी त्यांना माजघरापर्यंत नेलं, असं मला कधीकधी वाटतं.

म्हणून मागणं असं आहे. जुना वाडा पाडायची परवानगी नगरपालिकेकडे येतेच. त्या अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात जाऊ द्या, आणि टेम्पोच्या आधी तिथला एक माणूस अंगणात येऊ द्या. त्यानं सगळं न्यायचं नाही. पाहायचं, फोटो काढायचे, दहा वस्तूंतली एखादी मोडीपेक्षा बरा भाव देऊन घ्यायची, रोख. बाकीचं घरमालकानं खुशाल विकावं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एखादी समई शौकिनाच्या हाती लागली तर मला आनंदच आहे. वितळण्यापेक्षा कुणाच्याही दिवाणखान्यात ती बरी. परवानाधारक विक्रेत्यांना चोरासारखं वागवणंही थांबवा. जुन्या वस्तू भट्टीपासून वाचवण्यात त्यांचा हात आपल्या खात्यापेक्षा मोठा असेल. आणि पोथ्या-चित्रांसाठी वर्षातून एकदा तालुक्याला नोंदणीचं शिबिर भरवा. तिथे आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगा, वस्तू तुमचीच राहणार. ४७ लाखांत असे किती तालुके होतील, हा हिशेब आपल्या खात्याला माझ्यापेक्षा लवकर जमेल.

तलवारीच्या खरेदीबद्दल कुणी कुरकुर करत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. पुढच्या वेळीही घ्या.

माझ्या पोथीचा अर्ज भरून तयार आहे. फोटो काढून आणलेत, गाईचा थोडा हलला आहे, पुन्हा काढीन. तो अर्ज नक्की कोणत्या कचेरीत, कुणाकडे द्यायचा, तेवढं कळवावं. लामणदिव्याची साखळी वाडा पाडायच्या आदल्या दिवशी जाऊन मी कडीतून सोडवून आणली. नोंदणीच्या दिवशी तीही घेऊन येईन. कुठल्या रकान्यात बसते ते आपल्या माणसांनी ठरवावं.

कळावे,
आपला नम्र,
वाड्याच्या पाच हिस्सेदारांपैकी एक