‘माझं चुकलं’ म्हणायची सोय कुठेय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ज्युनियरने नोकरीची जाहिरात टाकली. युरोपातल्या एका विद्यापीठात रिसर्चरची जागा आहे, आणि विषय काय तर विज्ञानातली आणि वैज्ञानिक संस्थांमधली बौद्धिक नम्रता. पाच मिनिटांत हसऱ्या इमोजींचा पाऊस पडला. एकाने लिहिलं की नम्रतेवर पगार मिळत असता तर आमची आजी प्रोफेसर झाली असती, दुसऱ्याने लिहिलं लोकांच्या टॅक्सचा पैसा असा उडवतात. मला मात्र हसू आलं नाही, उलट रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय याची कल्पना आहे, काटछाट करा, पण मधला एनआयआरएफचा, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी रँकिंगचा, भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आधी शब्दाबद्दल, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे नम्रता म्हटलं की विद्या विनयेन शोभते, मोठ्यांच्या पाया पडायचं, सरांसमोर आवाज खाली ठेवायचा. इथे विषय वेगळाय. मला जे माहितीय ते कितपत खात्रीने माहितीय आणि कुठून पुढे मी नुसता अंदाज बांधतेय हे स्वतःशी आणि दुसऱ्यांशी खरं बोलणं, इतकाच त्याचा अर्थ. त्या अर्थाने पाया पडणारा विद्यार्थी नम्र असेलच असं नाही, आणि भर लॅब मीटिंगमध्ये ‘सर, हा ग्राफ पटत नाहीये’ म्हणणारी मुलगी नम्र असू शकते. आपल्या बऱ्याच लॅबमध्ये नेमकं तिलाच उद्धट म्हणतात.

आता माझं सांगते. पीएचडी करताना आमचा एक पेपर छापून आला, पहिलं नाव माझं, घरी पेढे वाटले. वर्षभराने लॅबमध्ये आलेल्या ज्युनियरला त्याच्या पुढचं काम मिळालं आणि तिला आमचा रिझल्टच येईना. एकदा, दोनदा, दहादा करून पाहिलं तिने, केमिकल बदलली, सेल्स नव्याने वाढवल्या, शेवटी तिला वाटायला लागलं की आपल्या हातातच काहीतरी खोट आहे, आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांनाही तसंच वाटत होतं. तब्बल आठ महिने गेले तिचे. एका रविवारी मी सहज माझी जुनी एक्सेल शीट उघडली तर फॉर्म्युला खाली ओढताना एक ओळ घसरलेली, म्हणजे प्रत्येक सॅम्पल शेजारच्या सॅम्पलच्या कंट्रोलने, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याने, भागलं गेलेलं. नीट करून पाहिलं तर जो फरक आम्ही तिप्पट म्हणून छापला होता तो दीडपट निघाला. चूक माझी, शंभर टक्के माझी.

मी गाईडकडे गेले, म्हटलं जर्नलला कळवूया. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले की दीडपट म्हणजे दिशा तर तीच आहे ना, ग्रँटचा रिव्ह्यू तोंडावर आहे, आता एक करेक्शन, म्हणजे दुरुस्तीची नोंद, गेलं की लोक आपल्या सगळ्या पेपरांकडे संशयाने बघतील, तुझं थीसिस होऊ दे मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसले. ते करेक्शन छापून यायला पुढे दोन वर्षं लागली, जेमतेम चार ओळींचं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. दूरच्या एका लॅबमधून ईमेल आला की थँक यू, आम्हीही सहा महिने याच रिझल्टवर डोकं फोडत होतो. पण नंतर एका नोकरीच्या इंटरव्ह्यूला कमिटीतल्या एकांनी माझ्या यादीवर बोट ठेवून विचारलं, हे करेक्शन कशाचं? आणि मी सांगितल्यावर त्यांनी शेजारच्यांकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. (लॅबचं किंवा संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिथली माणसं वाईट नव्हती आणि असं फक्त तिथेच होतं अशातलाही भाग नाही.)

म्हणून मला वाटतं की त्या जाहिरातीतला अर्धा भाग, ‘आणि वैज्ञानिक संस्थांमधली’, हा जास्त महत्त्वाचा आहे. नम्रता हा माणसाचा स्वभाव म्हणून सोडून दिला तर मग शास्त्रज्ञांना मूल्यशिक्षणाचे तास लावा आणि विषय संपवा. माझा स्वभाव त्या रविवारी आणि सोमवारी तोच होता, बदललं ते फक्त मी कुणाच्या केबिनमध्ये बसलेय ते.

एक मोठं उदाहरण बघा. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघून जमिनीखालून साधारण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो लॅबमध्ये पोचणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) आधी येतायत. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही हे आइन्स्टाइनचं म्हणणं, त्यामुळे सगळीकडे आइन्स्टाइन चुकला म्हणून हेडलाइन झाल्या, पण त्या टीमने तसं म्हटलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही महिनोन्महिने तपासलंय, आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही सगळे मिळून शोधा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कळलं की ऑप्टिकल फायबरच्या केबलचं एक कनेक्शन नीट बसलेलं नव्हतं, त्याच लॅबमधल्या इकारस या दुसऱ्या प्रयोगानेही मोजून पाहिलं, आणि न्यूट्रिनो मुकाट्याने प्रकाशाच्या मर्यादेत आले. शंका जाहीर केली, लोकांना बोलावलं, चूक सापडली, ती सांगितली, म्हणजे विज्ञान जसं चालायला हवं तसं चाललं की नाही? पण मार्च २०१२ मध्ये टीममध्ये अविश्वासाचं मतदान झालं आणि प्रवक्ते अंतोनियो एरेदितातो आणि समन्वयक दारिओ ओतिएरो दोघांनीही राजीनामे दिले. जाहीर करायची घाई झाली का, तपासणी कमी पडली का, यावर वाद घालता येईल, टीममध्येही मतभेद होतेच. पण हे सगळं बघणाऱ्या पंचविशीतल्या पीएचडीच्या पोराने यातून काय शिकायचं?

उलट बाजूचंही सांगते. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतः ट्विटरवर लिहिलं की आम्ही आमचा २०१९ चा पेपर मागे घेतोय कारण तो प्रयोग पुन्हा जमत नाहीये, आणि मी त्या वेळी कामात होते, माझं काम नीट केलं नाही, सॉरी. लोकांनी खूप कौतुक केलं, मीही केलं. पण नोबेल पदरात असलेल्या बाईंनी हे म्हणणं आणि पीएचडीनंतर तात्पुरत्या जागेवर, दर सहा महिन्यांनी फेलोशिप वाढवून घेणाऱ्या पोस्टडॉकने म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मानसशास्त्रातल्या काही संशोधकांनी एक प्रकल्प केला होता, आपल्याच छापलेल्या निष्कर्षावरचा विश्वास उडाला असेल तर पुढे येऊन तसं लिहा म्हणून. २०२१ मध्ये जो पेपर आला त्यात अशी १३ निवेदनं होती. त्याच पेपरात ३१६ संशोधकांचा सर्व्हे आहे, त्यातल्या ४४ टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या निदान एका निष्कर्षावरचा आपला विश्वास उडालाय. सर्व्हेत टिकमार्क करायला इतके जण, आणि नावानिशी लिहायला तेरा निवेदनं! ही सगळी माणसं खोटारडी आहेत असं मला अजिबात वाटत नाही, बोलायची जागाच नाहीये हो त्यांना.

आता एनआयआरएफ. २०२५ च्या रँकिंगपासून मागे घेतलेल्या, म्हणजे रिट्रॅक्ट झालेल्या पेपरांसाठी संस्थांचे मार्क कापायला सुरुवात झालीय. हेतू चांगलाच आहे, पैसे देऊन पेपर छापून घेणारे, एकच फोटो उलटा-सुलटा करून चार ठिकाणी वापरणारे यांना वचक हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण रिट्रॅक्शन म्हणजे फक्त चोरी असं नसतं. २०१२ मध्ये फँग, स्टीन आणि कॅसाडेव्हल यांनी जीवशास्त्र आणि वैद्यकातले मागे घेतलेले २०४७ पेपर तपासले होते, त्यात सुमारे ६७ टक्के गैरप्रकारामुळे आणि सुमारे २१ टक्के चुकीमुळे मागे घेतलेले निघाले. म्हणजे पाचातला एक साधी चूक. उद्या एखाद्या कॉलेजातल्या प्राध्यापिकेला स्वतःच्या पेपरात गंभीर चूक सापडली आणि तिने प्रामाणिकपणे तो मागे घ्यायचं ठरवलं, तर प्रिन्सिपल तिला काय म्हणतील? मॅडम, रँकिंग खाली जाईल. माझ्या गाईडकडे निदान ग्रँटचं कारण होतं, आता सरकारी कारण मिळालं. चोराला आणि कबूल करणाऱ्याला एकाच काठीने मारलं तर चोर अजून सावध होईल आणि कबूल करणारा गप्प बसेल. स्वतःहून आणि चुकीमुळे मागे घेतलेला पेपर वेगळा मोजा, त्याचे मार्क कापू नका, एवढं तरी करता यायला हवं की नाही?

हा विषय परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्या पुण्यातलीच गोष्ट सांगते. डॉ. जयंत नारळीकर गेल्यावर त्यांच्याबद्दल भरपूर लिहून आलं, तुमच्याकडेही आलं, पण फलज्योतिषाच्या चाचणीबद्दल लिहिताना बहुतेकांनी निकालच सांगितला. मला त्यातली आधीची पायरी आवडते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्याबरोबर त्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलं. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि कुठली कोणाची ते ओळखायचं. आणि ठरवलं की ४० पैकी २८ बरोबर आले तर ते ज्योतिषाच्या बाजूने धरायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच, आणि २००९ मध्ये ते करंट सायन्समध्ये छापून आलं. किती मार्क पडले तर आपण हरलो याची रेघ आखून ठेवणं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि ते सुद्धा ज्यांच्या विद्येला आपण शास्त्रच मानत नाही अशा लोकांशी खेळताना. तेच नारळीकर जन्मभर बिग बँगच्या विरोधात उभे राहिले, पण १९९१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पद्मनाभन यांच्याबरोबर इन्फ्लेशनवर, म्हणजे विश्व अगदी सुरुवातीला झपाट्याने फुगलं या पलीकडच्या गटाच्या थिअरीवर, आढावा लेख लिहिला, आणि त्यांनीच उभारलेल्या आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत बिग बँग मानणारे लोक सुखाने काम करत राहिले. संस्था उभारणाऱ्याच्या मताविरुद्ध काम करायला त्या संस्थेत जागा असणं, मी म्हणतेय ती संस्थेची नम्रता हीच.

२०१३ पासून कॉर्टेक्स या जर्नलने निकालाआधीच कसोटी ठरवायची पायरी नियमात बसवली, प्रयोग करायच्या आधीच आराखडा तपासून पेपर स्वीकारायचा, मग निकाल काहीही लागो. आता बरीच जर्नल्स असं करतात. रिंक होकस्ट्रा आणि सिमीन वझीर या संशोधकांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं की पेपरच्या शेवटी मर्यादांचा एक परिच्छेद चिकटवून भागत नाही, त्या मर्यादांमुळे आपला निष्कर्ष किती ढिला पडतो हेही लेखकानेच सांगावं, आणि असं सांगणाऱ्याला पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने शिक्षा करू नये. शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा मला तो इंटरव्ह्यू आठवला.

तर माझं मागणं असं आहे की अशी एक जागा इथे निघावी, पुण्यात किंवा मुंबईत, कुठेही. त्या माणसाने प्रवचनं देऊ नयेत, मोजावं. करेक्शन छापलेल्यांना पुढे नोकरी मिळते का, आपल्या पीएचडी थीसिसमध्ये न जमलेले प्रयोग लिहिलेले असतात का, व्हायव्हात ‘माहीत नाही’ म्हटलं तर काय होतं, मराठीतून शिकून आलेली मुलं लॅब मीटिंगमध्ये शंका विचारतात का की इंग्रजीच्या भीतीने मान डोलावतात (मी दीड वर्षं मान डोलावत होते). आणि ज्या संस्थेत बसून हे करायचं तिच्याबद्दलही लिहायची मुभा हवी, पगार त्याच संचालकांच्या सहीवर अडकलेला नसावा, नाहीतर तोही दोन वर्षांत मूग गिळून बसेल.

ग्रुपवर ती जाहिरात टाकणारी ज्युनियर म्हणजे तीच, जिचे आठ महिने माझ्या एक्सेलने खाल्ले. तिने अर्ज केलाय. अर्जात तिने ते आठ महिने लिहिलेत आणि मला शिफारसपत्र मागितलं. काल पाठवलं. पहिल्या परिच्छेदात माझ्या घसरलेल्या ओळीबद्दलच लिहिलंय.

आपली,
एक वाचक, पुणे