ताई चालली म्हणून सायकल थांबत नाही

आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा, तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून फोन ठेवायच्या घाईत असता, म्हणून लिहितेय. दादाच्या पोरीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि पिल्लू, मधलं काही गाळायचं नाही, आजीने डोळ्याला पदर लावला तरी वाचत राहायचं. मी हे मोबाइलवर बोलून बोलून टाइप करतेय, स्क्रीन वाचून दाखवणारा टॉकबॅक कानात बडबडतोय, एखादा शब्द भलताच पडला असेल तर सांभाळून घ्या.

तर ताई, माझ्या टँडमवर म्हणजे दोघींच्या सायकलवर पुढे बसणारी, चालली कॅनडाला. लग्न झालं, नवरा तिकडे, चांगलंच झालं तिचं, मी हळदीला नाचले पण. पण तुम्ही दोघांनी तेवढ्यावरून ठरवूनच टाकलं की आता माझी सायकल बंद. आई म्हणते "झालं तेवढं पुरे झालं, आता बँकेत नीट लक्ष दे", आणि दादा सांगत होता की शेजारच्या काकूंनाही बातमी पोचलीये, पोरगी आता सायकल सोडणार म्हणून. मी कधी म्हणाले? मला विचारलं तरी का कुणी?

बंद नाही. पायलट म्हणजे पुढे बसून चालवणारी बदलतेय, स्टोकर म्हणजे मागून पॅडल मारणारी तीच आहे, म्हणजे मी.

मला वाटतं गोंधळ इथेच आहे, तुम्हाला अजून असं वाटतं की ताई मला सायकलवर "फिरवून आणायची". त्या बारशाला नाही का मामा सगळ्यांसमोर म्हणाले, किती चांगली मुलगी आहे, हिला मागे बसवून तुळजापूरला नेते. मी तेव्हा गप्प बसले, बारशात कशाला भांडण. पण बाबा तुम्ही आयुष्य मागावर काढलंय, तुम्हाला लगेच कळेल. एका शाफ्टवर दोन माग जोडलेले असले की एक थांबला आणि दुसरा चालला असं होतं का? टँडमला पण तसंच, पुढचं पॅडल आणि मागचं पॅडल एका वेगळ्या चेनने बांधलेलं असतं, तिचा पाय जितक्यांदा फिरणार तितक्यांदा माझा फिरणारच. मला मधेच पाय सोडून आराम करता येत नाही, तिलाही येत नाही. दोघींनी एकदम थांबवले तरच थांबतात, म्हणून "सोड" अशी हाक असते, "उठ" अशी असते, सीटवरून दोघी एकदम उठलो नाही तर सायकल अशी हलते की बाजूचा ट्रकवाला पण हॉर्न वाजवायचं विसरतो. पुढची बघते, वळवते, ब्रेक आणि गिअर तिच्या हातात. माझ्या हाती काय, तर नुसता जोर. माझं हँडल वळतसुद्धा नाही, ते तिच्या सीटच्या दांड्याला पक्कं केलेलं असतं. म्हणजे ज्या माणसाला रस्ता दिसत नाही आणि ब्रेकही नाही, त्याने मागून इंजिन बनायचं. याला फिरवून आणणं म्हणत असतील तर मामांनी एकदा मागे बसून दाखवावं, हिप्परग्यापर्यंतच, पुढे नको.

आणि वळणावर अंग कसं सोडायचं हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पुढे वळण आहे हे मला दिसत नाही, अंग आपोआप घट्ट होतं, आणि मागचीचं अंग घट्ट झालं की पुढचीला सायकल वळवायला दुप्पट ताकद लागते. ताई बोलायची सगळं, डावं, उजवं, खड्डा, ब्रेकर. पण तुम्हाला एक गंमत सांगते. ब्रेकरच्या आधी ती श्वास आत ओढायची, हलकासा, तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. "ब्रेकर" हा शब्द नंतर यायचा, मी त्या श्वासालाच पाय रोखलेले असायचे. पुढे पुढे तर तिने ब्रेकर सांगणंच सोडलं, म्हणाली तुला आधीच कळतं, मी कशाला तोंड वाजवू.

हे सगळं नव्या मुलीबरोबर पहिल्यापासून करावं लागणार, मला माहितीये. पण ते करणारेच जगात पदकं काढतात. स्कॉटलंडचा नील फाची बघा. आधी तो धावायचा, 2008 ला बीजिंगच्या पॅरालिम्पिकला धावपटू म्हणून गेला होता, तिथे पदक नाही, मग सायकलवर आला. 2012 ला लंडनमध्ये एक किलोमीटर टाइम ट्रायलचं, म्हणजे घड्याळाशी शर्यतीचं, सुवर्ण, तेव्हा पुढे बार्नी स्टोरी. 2016 ला रिओमध्ये रौप्य, तेव्हा पुढे पीट मिचेल. टोकियोत परत सुवर्ण आणि वर्ल्ड रेकॉर्ड, 58.038 सेकंद, तेव्हा पुढे मॅट रॉदरहॅम. तीन पॅरालिम्पिक, तीन पायलट, मागे माणूस एकच. एक किलोमीटर 58 सेकंदात म्हणजे ताशी बासष्ट किलोमीटर बाबा, आणि ते पण उभ्या जागेवरून सुटून. आपली एसटी तरी धरते का एवढा वेग सोलापुरात सात रस्त्याच्या पुढे?

आणि आयर्लंडची केटी-जॉर्ज डनलेव्ही, ही तर माझी खास. आधी ती रोइंग करायची. रिओत आणि टोकियोत तिच्यापुढे ईव्ह मॅक्रिस्टल बसायची, पोलीस खात्यातली बाई, दोघींनी सुवर्ण आणली. मग 2024 ला पॅरिसमध्ये ट्रॅकवर ईव्हबरोबर रौप्य काढलं आणि रस्त्यावरच्या टाइम ट्रायलला लिंडा केली नावाची दुसरीच पायलट घेऊन सुवर्ण. एकाच पॅरालिम्पिकमध्ये दोन पायलट! आणि आई, तू जे सारखं म्हणतेस ना "वय झालं आता तुझं, कशाला करायलीस एवढं", तेव्हा डनलेव्ही बेचाळीस वर्षांची होती. मला बेचाळीस व्हायला अजून बराच अवकाश आहे. पुढे बसणारीलाही पदक मिळतं, तिचं श्रेय कमी नाही, पण करिअर मागच्या सीटवरच्याचं असतं, पायलट येतात जातात. मी हे ताईच्या तोंडावर बोललेय, ती हसून म्हणाली बरोबर आहे, मी ड्रायव्हर आहे, गाडी तुझी.

आता आई, एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी. या डनलेव्हीला आणि त्या फाचीला दोघांनाही रेटिनायटिस पिगमेंटोसाच आहे, नजर हळूहळू जाणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, माझ्यासारखा. त्यांच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत नाही. माझं जेनेटिक टेस्टिंग झालं तेव्हा डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं, माझा जो प्रकार आहे त्यात आई आणि वडील दोघांच्याही अंगात तो एक बिघडलेला जीन लपलेला असावा लागतो, दोघांना स्वतःला काही होत नाही, आणि प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते. नात्यात लग्न झालं की दोघांत तोच जीन असायची शक्यता वाढते, हे खरं, मी खोटं कशाला बोलू. पण तुला सतराव्या वर्षी कुणी विचारलं होतं का आत्याच्या घरी जायचंय का म्हणून? आज्जीने ठरवलं, आपल्याकडे सगळ्यांचंच तसं ठरायचं. आणि दादाला काही नाही झालं तेव्हा कुणी तुझं कौतुक केलं नाही, मग माझ्या वेळचा दोष तेवढा तुझ्या पदरात कशाला? रूपाभवानीच्या पायऱ्यांवर बसून तू दर मंगळवारी माझ्यासाठी काय मागतेस ते मला माहितीये. मागायचंच असेल तर चांगली पायलट माग. ती मिळालीये तशी, तरी माग.

पैशाचं बाबा विचारणारच, म्हणून आधीच सांगते. पैसा यात नाही, निदान आपल्याकडे अजून नाही. भारताचे सायकलपटू पॅरालिम्पिकला पहिल्यांदा गेले तेच मुळी 2024 ला, अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. तेही टँडमवर नाही, टँडमवरून आपल्याकडचं पॅरिसपर्यंत कुणी गेलेलं नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकचं स्वप्न मी तुम्हाला विकत नाहीये, माझा आजचा टाइमिंग आणि त्या बायकांचा टाइमिंग यात किती अंतर आहे ते मला चांगलं माहितीये आणि मला त्याची लाजही वाटत नाही. नोकरी सोडत नाही, ती सोडायचा विचारसुद्धा नाही, कॅशचं काउंटर नको म्हणून लोनच्या डेस्कला बसवलंय, स्क्रीन रीडर लावून काम होतं, पगार वेळेवर येतो, सायकलचे टायर त्यातूनच येतात. पण वर्षातून एकदा दिल्लीच्या लाकडी ट्रॅकवर जायचं, तिथे टँडमला ब्रेकच नसतो आणि चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, वळणावर ट्रॅक भिंतीसारखा अंगावर येतो असं सगळे म्हणतात, मला तो दिसत नाही म्हणून मी बाकीच्यांपेक्षा कमी घाबरते. हे मला करायचंय. रविवारी पुण्यात बालेवाडीला आणि सुट्टीत आपल्या तुळजापूर रोडला.

आपला रस्ता मला सगळ्यात आवडतो, खरं सांगते. मधलं थोडं अजून दिसतं मला, पण पहाटे ते पण नाही, आणि तरी मी कुठे आहे ते सांगू शकते. नाक्यापर्यंत रस्ता खडबडीत, मग हिप्परग्याच्या तलावाची गार हवा डाव्या-उजव्या गालावर कुठून लागते त्यावरून वाऱ्याची दिशा कळते, तामलवाडीला चहाच्या टपरीवरचं रॉकेल-दुधाचा मिक्स वास, आणि तुळजापूरच्या घाटात श्वास आणि चेन सोडून काहीच ऐकू येत नाही. कारखाने चालू असले की उसाच्या ट्रॉल्यांचा त्रास असतो, मागे रिफ्लेक्टर नाही, काही नाही, तेव्हा आम्ही उजाडल्यावरच निघतो. उन्हाळ्यात उलटं, त्रेचाळीस डिग्रीत कोण मरणार, सातच्या आत घरी. आणि कोजागिरीला तर रस्ताच तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा असतो, त्या दिवसांत सायकल भिंतीला.

आता कामाचं. नवी पायलट सांगलीकडची आहे, रोड रेस करायची, माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलते कमी. तेवढं एकच मला खटकतं, टँडमवर गप्प माणूस चालत नाही, पण होईल. दिवाळीनंतर मी रजा टाकून तिला घेऊन सोलापूरला येतेय, हुतात्मा एक्सप्रेसने, सायकल टेम्पोत टाकून दादाच्या मित्राकडून आधीच येईल. दोन-तीन आठवडे राहू. अशोक चौकातल्या त्या आवाजात तिला झोप लागेल का माहीत नाही, माझी खोली तिला द्या, मी आईजवळ झोपेन.

आई, तिला पहिल्याच दिवशी "माझ्या पोरीला सांभाळ गं बाई" असं हात धरून म्हणू नकोस. ताईला म्हणाली होतीस, ती बिचारी महिनाभर इतकी हळू चालवायची की मला मागे बसून जांभया यायच्या. शेंगापोळ्या मात्र कर, जरा जास्त कर, गूळ नेहमीसारखाच, चार तुकडे करून जर्सीच्या मागच्या खिशात टाकले की दोन तास बघायला नको, ते परदेशी एनर्जी जेलचं पाकीट मला अजून गिळवत नाही. चटणी तिच्या ताटात आधी थोडीच वाढ.

बाबा, तुम्ही पहिल्या दिवशी नाक्यापर्यंत स्कूटरवर मागे या, पुढे नको, पुढे आलात की ती तुमच्याकडे बघत बसेल. जिन्याखाली उभा पंप आहे, प्रेशरचं मीटर असलेला, तो दादाने मोटारसायकलसाठी नेला असेल तर परत आणून ठेवायला सांगा, आणि तेल घातलेला जुना कपडा फेकू नका, चेन पुसायला तोच लागतो. काकूंना तेवढं सांगा सायकल चालू आहे म्हणून.

येण्याची तारीख तिकीट कन्फर्म झालं की कळवते.

तुमची
बाळी