प्राजक्ताला प्रकाशनात जायचं असेल तर

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्राजक्ताचं एम.ए. झालं, तिला पुस्तकांच्या प्रकाशनातच काम करायचंय आणि अर्ज कुठे करायचा हे काकांना कळत नाहीये, असं आई फोनवर म्हणाली. फोनवर सांगितलं तर बाबा अर्धं ऐकून काकांना उलटंच सांगतील, म्हणून लिहून पाठवते. पत्र तसंच तिच्या हातात द्या.

पहिलं म्हणजे ‘संपादक’ म्हणून अर्ज करू नये. मराठीतल्या बऱ्याच प्रकाशनसंस्था मोजक्या माणसांवर चालतात. तिथे संपादक हळूहळू घरातच तयार होतो, जाहिरात देऊन मिळत नाही. नव्या माणसाला दार उघडतं ते मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रुफं, छपाईआधी तपासायला काढलेली पानं, वाचण्याचं.

त्यासाठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम पक्के हवेत. त्यातले १४ नियम १९६२ चे, ४ नंतर १९७२ मध्ये आलेले. पण नियम पाठ असणं वेगळं आणि प्रूफ वाचणं वेगळं. पहिलं प्रूफ मूळ हस्तलिखिताशी ओळीओळीने ताडायचं. शक्य असेल तर एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. गळलेली ओळ एकट्याच्या डोळ्याला दिसत नाही, कारण पुढचं वाक्य बहुधा अर्थाला जुळून जातं. दुसऱ्या प्रुफात आधीच्या दुरुस्त्या झाल्यात का ते बघायचं, आणि दुरुस्तीच्या शेजारचे शब्दही. अक्षरजुळणी करणारा ऑपरेटर एक चूक काढताना दुसरी करून ठेवतो, हे इथलं रोजचं. तिसऱ्यात पानं लागलेली असतात, तेव्हा पृष्ठांक, अनुक्रमणिका, प्रकरणांची शीर्षकं आणि पानाच्या शेवटी एकटी लटकलेली ओळ बघायची. जुळणीची चूक लाल शाईने, लेखकाने ऐनवेळी केलेला बदल निळ्याने. वाढीव कामाचे पैसे कोणाच्या नावावर पडायचे, ते त्यावरून ठरवता येतं.

श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना अक्षरं फुटतात, तिथे विशेष लक्ष हवं. ‘सातपुड्याच्या दऱ्या’चं ‘सातपुड्याच्या दर्या’ होतं आणि डोंगरात समुद्र येतो! स्पेलचेकरला दोन्ही शब्द बरोबर वाटतात. ‘ऱ्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून बघायला तिने आतापासूनच शिकावं.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे आयती आहे, ती म्हणजे अहिराणी. इकडचे मुद्रितशोधक खान्देशी संवादातला ‘डोया’ बघितला की खाली ‘डोळा’ लिहून मोकळे होतात आणि पात्राच्या तोंडची भाषाच जाते. संवाद हस्तलिखिताप्रमाणे ठेवायचे, पण एकाच पुस्तकात एकच शब्द तीन तऱ्हांनी येऊ द्यायचा नाही. त्यासाठी वाचता वाचता शब्दांची यादी करत जायची. अर्जात हे तिने ठळक लिहावं.

आता हिशोब, कारण तो येत नसेल तर निर्मितीच्या टेबलावर कोणी बसू देत नाही. डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. १८×२३ इंची एका कागदातून दोन्ही बाजू मिळून १६ पानं निघतात, त्याला एक फॉर्म म्हणायचं. १६० पानं म्हणजे १० फॉर्म. हजार प्रतींना १०,००० कागद, म्हणजे पाचशे कागदांची एक याप्रमाणे २० रीम, शिवाय वाया जाणारा वेगळा. पुस्तक १६३ पानांवर गेलं, तर त्या तीन पानांसाठी तुटक फॉर्म छापावा लागतो. अशा वेळी समजूतदार माणूस अर्पणपत्रिका आणि कोरी पानं हलवून १६० वर आणतो.

मुखपृष्ठ पानं नक्की होण्याआधी करायला देऊ नये. ७० जीएसएम वजनाच्या मॅपलिथो कागदावर १६० पानांचा कणा सात मिलिमीटरच्या आसपास येतो. अंदाजाने दहा धरला, तर कण्यावरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना, तेही विचारायचं. तो आडवा असेल तर पुस्तक उघडं राहत नाही आणि पानांना लाटा येतात.

आयएसबीएन क्रमांक म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जायचं नाही. कागदी आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा क्रमांक लागतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही.

लगेच पुण्याला येण्याची घाई नको. आधी जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या डीटीपीवाल्याकडे सहा महिने बसावं. विद्यापीठामुळे जळगावात प्रबंधांची जुळणी असते, शिवाय स्मरणिका, अहवाल. पानं लावायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर तिथे हाताखाली येईल. इग्नूची पुस्तक प्रकाशनाची पदव्युत्तर पदविकाही आहे. त्या सत्राला प्रवेश चालू आहे का ते आधी बघावं. ‘प्रशिक्षण शुल्क भरा, मग नोकरी देतो’ म्हणणाऱ्याला मात्र लांबूनच नमस्कार.

अर्जासाठी पत्ते हवेत ना? २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हा बाबांनी आणलेली पुस्तकं कपाटात आहेत. त्यांची श्रेयपानं तिला वाचायला लावा: प्रकाशकाचा पत्ता, अक्षरजुळणी कोणाची, मुद्रक कोण. वीस नावांची यादी तिथेच होईल. अर्जात ‘मला वाचनाची आवड आहे’ लिहू नये, सगळेच लिहितात. त्याऐवजी लाल-निळ्या खुणांनी तपासलेली दोन पानं जोडावीत. अर्ज जून-जुलैत पाठवावेत, कारण तेव्हा दिवाळी अंकांची कामं सुरू होतात आणि प्रुफं वाचणारी माणसं कमी पडतात.

काम मिळालं की तीन गोष्टी ईमेलवर ठरवून घ्यायच्या: पैसे पानावर की फॉर्मवर, त्यात किती प्रुफं धरली आहेत, आणि पैसे कधी. ‘पुस्तक विकलं की देऊ’ हे उत्तर चालणार नाही. पहिल्या वर्षी यावर घर चालेल असं काकांनी समजू नये; त्यांना ते बाबांनीच नीट सांगावं, माझं ऐकणार नाहीत.

तिने दोन पानं तपासली की फोटो काढून पाठवायला सांगा. फोटो उजेडात काढा, आईच्या फोनने नको.

तुमची,
मनीषा