फट आडवी कापा, उभी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी चढू लागले की 'मोबाइल बंद पडला तर काय' हा प्रश्न कोल्हापुरात निघतोच. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावांना तो समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, परवाना काढून घरी संच ठेवणारे वाढले तर चांगलेच आहे. अशा नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो: उंच खांब, तणावे या भानगडीत पडू नका, पत्र्यात फट कापा, केबल जोडा, स्लॉट अँटेना तयार. सल्ला खरा आहे. पण सोबतच्या आकृतीत फट बहुधा उभी असते आणि घोटाळा तिथेच होतो.

दांडीच्या अँटेनात धातूची दांडी आणि भोवती हवा असते; स्लॉटमध्ये भोवती धातू आणि मधोमध हवेची दांडी. ही अदलाबदल ध्रुवीकरणातही, म्हणजे लहरीचे विद्युत क्षेत्र उभे की आडवे यातही होते. विद्युत क्षेत्र फटीच्या एका काठाकडून समोरच्या काठाकडे जाते. फट उभी असेल तर काठ डावी-उजवीकडे येतात, म्हणजे क्षेत्र आडवे. हातातल्या वॉकीटॉकीची, गाडीवरची आणि संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरची अँटेना मात्र उभी असते. आडवे-उभे असे विजोड पडले की सहज २० डेसिबल जातात. २५ वॉटचा संच समोरच्याला पाव वॉटसारखा ऐकू येतो. मग 'स्लॉट चालत नाही' असा शेरा मारून पत्रा भंगारात जातो. एफएम बोलण्यासाठी फट जमिनीला समांतर, आडवीच हवी.

ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३८ मध्ये मांडलेली ही कल्पना विमानांवर आणि जहाजांच्या रडारवर वापरली गेली आहे. हेन्री बुकर यांनी १९४६ मध्ये तिचे गणित बसवले. स्लॉटचा रोध (जोडबिंदूवर केबलला दिसणारा अडथळा, ओहममध्ये) आणि त्याच मापाच्या डायपोलचा, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या दांडीच्या अँटेनाचा, रोध यांचा गुणाकार सुमारे ३५,५०० येतो. डायपोलचे ७३ ओहम धरले तर फटीच्या मध्यभागी ४८५ ओहमच्या आसपास मिळतात. ५० ओहमची केबल नेमकी मध्यावर जोडणे ही नवख्यांची दुसरी चूक आहे.

आता मापे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मध्य १४५ धरा. तरंगलांबी २०६८ मिलिमीटर, तिच्या ०.४७५ पट म्हणजे सुमारे ९८० मिलिमीटर फटीची लांबी. रुंदी २० मिलिमीटर, टोकापासून टोकापर्यंत सारखी. पत्रा आठ बाय चार फुटांचा पूर्ण घ्या आणि फट त्याच्या मधोमध, लांब बाजूला समांतर ठेवा. मुद्दाम १००० मिलिमीटर कापा आणि एका टोकाला ॲल्युमिनियमची सरकती पट्टी दोन स्क्रूंनी दाबून बसवा. कमी कापलेली फट वाढवायला पुन्हा कातरी धरावी लागते. जास्त कापलेली फट मात्र पट्टी सरकवून लहान करता येते. उद्यमनगरात लेझरवर कापून घेतली तर काठ सरळ येतात. ग्राइंडरने कापलीत तर काठावरचे काटे कानशीने काढा.

केबलची जागा दुसऱ्या, पक्क्या टोकापासून १०० मिलिमीटरवर, कारण टोकाकडे रोध उतरत तिथे ५० ओहमच्या जवळ येतो. तिथे केबलची जाळी खालच्या काठाला आणि मधली तार फट ओलांडून वरच्या काठाला. तार शक्य तितकी आखूड ठेवा. यानंतर केबल खालच्या बाजूने, फटीला काटकोनात, पत्र्याला चिकटूनच खाली न्या आणि दर वीसेक सेंटिमीटरवर क्लिपने बांधा. ती पत्र्याला टेकून जाते म्हणून केबल आणि अँटेना यांचा मेळ घालणारा वेगळा बालन लागत नाही. केबल फटीवरून आडवी ओढली किंवा तिथे लोंबत ठेवली तर सगळी मापे बिघडतात.

जोडणी झाल्यावर कुणीतरी मल्टिमीटर लावतो आणि 'शॉर्ट आहे' म्हणून सगळे उकलायला निघतो. शॉर्ट दाखवायलाच हवा. पत्रा फटीच्या टोकांशी अखंड आहे, तेव्हा बॅटरीच्या प्रवाहाला तो शॉर्टच. याचा फायदाच आहे: पत्रा जाड पट्टीने अर्थिंगला जोडला की ढगाळ हवेतला स्थिर भार उतरून जातो.

पत्रा सपाट हवा. शेडचा पन्हळी पत्रा भिंतीला उभ्या पन्हळींनी लावतात, म्हणजे आडवी फट प्रत्येक पन्हळ कापत जाते. लांबी वाढते, रुंदी जागोजागी बदलते. दोन पत्र्यांच्या जोडावरून तर फट नेऊच नये. गंजलेल्या स्क्रूंचा जोड वाऱ्याने हलला की संचात खरखर येते. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा चालतो, कारण या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागाच्या सुमारे दहा मायक्रॉनमध्येच वाहतो आणि तेवढा जस्ताचा थर असतो. पण कापलेल्या काठावर लोखंड उघडे पडते, गंज तिथूनच धरतो, आणि प्रवाह सर्वांत जास्त असतो तोही काठाशी. म्हणून दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा बरा. वजनही सुमारे १२ किलो भरते, तर एक मिलिमीटर लोखंडी पत्रा २३ किलोच्या पुढे जातो. ॲल्युमिनियमला साधे सोल्डर धरत नाही आणि त्यावर तांब्याची जाळी थेट दाबली तर पावसात पत्रा तिथे खाल्ला जातो. कथिल चढवलेले लग (केबलच्या टोकाला बसवायची धातूची चकती), स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि वरून ग्रीस, एवढे करा.

'खांब नको, म्हणजे वाऱ्याचा त्रास नाही' हे अर्धसत्य आहे. जवळजवळ तीन चौरस मीटरचे ते शीडच. ताशी १४० किलोमीटर वाऱ्यात त्यावर पावणेतीनशे किलोचा जोर येऊ शकतो. गच्चीच्या लोखंडी कठड्याला किंवा टाकीच्या स्टँडच्या मोकळ्या बाजूला चारही कोपऱ्यांवर पक्के बांधा. विटांच्या भिंतीला चिकटवू नका. स्लॉट दोन्ही बाजूंना प्रसारण करतो, मागची भिंत त्यातले बरेच गिळते आणि वारंवारताही हलवते. अर्ध्या इंचाच्या जाळीची चौकट केली तर वारा निघून जातो आणि रेडिओला भोके दिसतही नाहीत. फक्त फटीचे काठ आणि टोके तांब्याच्या अखंड पट्टीने बांधून घ्या, जाळीच्या पिळांवर भरवसा ठेवू नका.

पावसाचे पाणी हा आपल्याकडचा खरा शत्रू. फटीत थेंब साचले की वारंवारता खाली घसरते. वर दोन-तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिकचे झाकण बसवा. झाकणानेही वारंवारता थोडी उतरते, म्हणून जुळवणी झाकण लावूनच करा. आधी जुळवून मग झाकण लावणाऱ्याला दोनदा काम पडते. कडा बुजवायला आंबट वास येणारे सिलिकॉन नको, ते तांबे खाते; बिनवासाचे न्यूट्रल घ्या. ग्रिलला मारतात तो चंदेरी रंग उरला म्हणून झाकणावर फिरवू नका, त्यात ॲल्युमिनियमची पूड असते.

जुळवणीला एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए लागेल; अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दोन्ही आकड्यात दाखवतात, १ सर्वांत चांगला. सर्वांत चांगला आकडा १४५ मेगाहर्ट्झच्या खालच्या वारंवारतेला येत असेल तर फट लांब आहे, सरकती पट्टी आत घ्या. दहा मिलिमीटरला साधारण दीड मेगाहर्ट्झ सरकते. वारंवारता बरोबर पण आकडा दीडच्या वर अडला असेल तर केबलचा बिंदू पाच-पाच मिलिमीटर हलवून पाहा. ३ आकडा म्हणजे चौथाई शक्ती परत. पण मोजायचे ते अँटेनापाशी, खोलीत बसून नव्हे. हॅमच्या दुसऱ्या पट्ट्यात, ४३५ मेगाहर्ट्झवर, दहा मीटर बारीक आरजी-५८ केबल सुमारे ४ डेसिबल खाते. तिच्या टोकाला काहीच जोडले नाही तरी खोलीतला मीटर २.३ दाखवतो आणि माणूस खूश होतो. जाड आरजी-२१३ तेवढ्याच लांबीला दीड डेसिबलवर भागवते. खर्च करायचाच तर तिथे करा.

दिशेचे एक सांगायचे राहिले. आडव्या फटीच्या टोकांच्या दिशेला जवळपास काही जात नाही. जोर पत्र्याच्या दोन्ही तोंडांसमोर. कोल्हापूर शहरातून पत्रा उत्तर-दक्षिण उभा केला तर एक तोंड शिरोळ-कुरुंदवाडकडे, दुसरे गगनबावड्याकडे. पन्हाळा किंवा कागल हवे असेल तर पत्रा वळवा, कारण ती दोन्ही वायव्य-आग्नेय रेषेच्या जवळ पडतात. एकाच बाजूला जोर हवा तर मागे पाव तरंगलांबी खोल धातूची पेटी बसवतात. १४५ ला ती अर्ध्या मीटरहून खोल होते, म्हणून तो उद्योग ४३५ वर करावा: पेटी १७२ मिलिमीटर खोल, फट सुमारे ३२७ बाय ७ मिलिमीटर, पत्रा तीन बाय दोन फूट. पेटीमुळे फटीचा रोध दुपटीच्या आसपास जातो. पेटीशिवाय केबलचा जो बिंदू टोकापासून ३४ मिलिमीटरवर असतो तो मग २४ च्या जवळ सरकतो.

परवाना नसताना बोलण्याचे बटण दाबू नये, हे वेगळे सांगायला नको. आणि पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की मीटर पुन्हा लावा. कोरड्या मे महिन्यात जुळवलेला आकडा जूनमध्ये हललेला असेल तर पाणी कुठून शिरले ते तेव्हाच शोधता येते.

आपला,
एक हौशी रेडिओचालक, कोल्हापूर