मोठ्या बाबांच्या गळ्याच्या ऑपरेशनबद्दल

आई, बाबा,

काल फोनवर आई रडून राहिली होती म्हणून मी जास्त काही बोलली नाही. आता लिहून पाठवते, मोठ्या आईलाही वाचून दाखवा.

धंतोलीच्या डॉक्टरांनी ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी घालायचं म्हटलं आणि सगळ्यांना महाल भागातले काका आठवले, समजतं मला. पण बाबा, काकांची इमर्जन्सी होती न. गळ्यातल्या गाठीनं रात्री श्वासच कोंडला, तोंडातून नळी जाईना, आणि ऑक्सिजन बंद झाला की ४-५ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, म्हणजे डॉक्टरांच्या हातात तेवढाच वेळ. अशा घाईत पेशंट तडफडत असतो, रक्तात नीट दिसत नाही, नळी श्वासनलिकेत जायच्या ऐवजी बाजूला घुसू शकते, फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. म्हणून तर अगदी जिवावर बेतलं की बहुतेक वेळा कंठमण्याच्या खालीच चीर देतात, तिथे श्वासाचा रस्ता कातडीच्या जवळ असतो.

मोठ्या बाबांचं तसं नाही. त्यांच्या तोंडात नळी आहे, व्हेंटिलेटर सुरू आहे, म्हणजे गळ्याला भोक पाडतानाही श्वास चालूच राहणार. लकव्यानंतर व्हेंटिलेटरचा दुसरा आठवडा लागला, तोंडातली नळी किती दिवस ठेवणार, तिनं स्वरयंत्र घासतं, झोपेचं औषध सारखं द्यावं लागतं. गळ्यातली नळी टोचत नाही तेवढी, तोंड साफ ठेवता येतं, व्हेंटिलेटर हळूहळू काढायलाही सोपं जातं, हे मी आमच्या आयसीयूत बघते.

धोका नाहीच असं मी म्हणत नाही. रक्तस्त्राव, इन्फेक्शन होऊ शकतं, पुढे कधी श्वासनलिका अरुंदही होते. मला सगळ्यात भीती पहिल्या आठवड्याची वाटते, कारण रस्ता पक्का झालेला नसतो आणि नळी निसटली तर परत घालताना चुकीच्या जागी जाऊ शकते. आणि कफ सुकून नळी बंद होते, नाकातून हवा ओली होऊन जायची ती आता जात नाही न, म्हणून सक्शन, म्हणजे मशीननं कफ ओढून काढणं, आणि हवा ओली ठेवणं हे दोन्ही लागतंच. त्यांना कूस बदलताना नळी ओढली जाऊ नये, एकानं हातानं धरून ठेवायचीच, हे दादाला नक्की सांगा.

डॉक्टरांना विचारा की रक्त पातळ करायची औषधं कधी थांबवणार, प्लेटलेट किती आहेत, नळी निसटलीच तर रात्रीच्या ड्युटीवर कोण असतं. संकोच करू नका, हे प्रश्न मी स्वतः विचारले असते.

आवाज जाईल म्हणून मोठी आई अडून बसली आहे, तिला सांगा की श्वासनलिकेत नळीभोवती जो छोटा फुगा असतो तो भरलेला आहे तोवर बोलता येत नाही, पण तब्येत सुधारली की फुगा सोडून बोलायचा व्हॉल्व्ह लावता येतो, आणि नळी काढली की भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं. बाबा, ती तुमचंच ऐकते, तुम्हीच बोला तिच्याशी. आज होकार दिला तर दिवसा, तयारीनं, सिनिअर डॉक्टरांच्या हातून होईल.

शनिवारी सकाळी पोचते मी. आई, बीपीची गोळी चुकवू नको.

तुमची पोरगी